परिटाचा खार आणि क्लोरीन वायू : एका पांढऱ्या भुकटीचा इतिहास



आपल्या स्मरणिकेत इतिहासविषयक लेख द्यावयाचा म्हटले, की बहुधा थोर पुरुषांची चरित्रे किंवा समाजाची उत्पत्तिकथा वाचकांसमोर ठेवण्यात येते. ते योग्यच आहे. परंतु ज्या व्यवसायाने आपल्या वाडवडिलांचे पिढ्यान्‌पिढ्या पोषण केले, त्या व्यवसायातील विद्येचाही एक इतिहास आहे आणि तो घरोघरी माहीत असावयास हवा. धुणे म्हणजे पाणी आणि पाषाण, त्यात शास्त्र ते काय, अशी समजूत आपल्याच तरुण पिढीत रूढ होत चालली आहे. ही समजूत किती निराधार आहे, हे दाखविण्यासाठी कपड्याला शुभ्रता आणणाऱ्या एका रासायनिक क्रियेची हकीकत मी आज सांगणार आहे. क्लोरीन नावाचा विषारी वायू खाराच्या पाण्यात, म्हणजे अल्कलीच्या द्रावणात शिरला असता काय होते, एवढाच विषय आहे. मात्र या लहानशा विषयाच्या पोटात परिटाचा घाट, विलायतेतील कारखाने, बाळंतिणींची इस्पितळे आणि आपल्या गावची विहीर या साऱ्यांची कथा सामावलेली आहे. जगाला शुद्ध पाणी पाजणारी पांढरी भुकटी मुळात कपडे शुभ्र करण्याच्या धंद्यासाठी जन्मास आली, हे या लेखाचे सार होय.

प्रथम आपल्या घरची गोष्ट पाहू. बारा बलुतेदारांत परिटाचे स्थान ठरलेले होते. गावाने बलुते द्यावे आणि परिटाने गावाची वस्त्रे स्वच्छ करावी, असा तो व्यवहार होता. साबणाची वडी बाजारात येण्यापूर्वी परिटाचे मुख्य साधन म्हणजे खार. लाकडाची राख, नदीकाठची खारी माती, सज्जीखार, पापडखार, चुना, यांपैकी जे मिळेल त्याच्या पाण्यात कपडे भिजवावयाचे, मग ते भट्टीवर रचून रात्रभर वाफवावयाचे आणि पहाटे नदीवर नेऊन आपटावयाचे, अशी रीत होती. या क्रियेतील शास्त्र असे की, अंगाचे तेल व तूप कपड्यात मुरते ते नुसत्या पाण्याने निघत नाही. खाराच्या उष्ण द्रावणाशी संयोग झाला म्हणजे त्याच तेलाचा साबण बनतो आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे आमचे आजे-पणजे भट्टीवर कपड्यातील मळापासूनच साबण तयार करीत होते.

या खाराची मोठी खाण आपल्या शेजारीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने निर्माण झालेले असून त्याचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की काठावर खाराचे थर जमत आणि ते गोळा करून विकले जात. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथातही लोणारचा उल्लेख असून, काच आणि साबण करण्यास लागणारे सर्व द्रव्य तेथे मिळते, असे नमूद आहे.

परंतु मळ काढणे निराळे आणि शुभ्र करणे निराळे. कापसाच्या सुताला स्वभावतःच एक पिवळसर छटा असते. ती खाराने पूर्णपणे जात नाही. त्यासाठी आपल्याकडे सूर्यनारायणाचा आश्रय घेत. ओले कापड उन्हात पसरावे, सुकले की पुन्हा पाणी शिंपडावे, असे दिवसचे दिवस चाले. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जव्हेरी टॅव्हर्निए याने भडोचच्या कापडाचे वर्णन करताना नर्मदेच्या पाण्याची आणि तेथील विपुल लिंबांची प्रशंसा केली आहे. दूरदूरचे कापड शुभ्र करण्यासाठी भडोचला येत असे. प्रथम खार, मग ऊन, शेवटी लिंबाचे आम्ल, हा क्रम आमच्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होता.

युरोपातही परिस्थिती याहून फार निराळी नव्हती. तेथे तागाचे कापड खाराच्या पाण्यात उकळून कुरणावर पसरीत आणि नंतर आंबट ताकात बुडवून ठेवीत. असे फेरे पुनःपुन्हा करावे लागत आणि एक ठाण पांढरे होण्यास कित्येक महिने जात. १७५६ मध्ये एडिंबरोच्या फ्रान्सिस होम या वैद्याने ताकाऐवजी गंधकाम्लाचे अतिशय पातळ द्रावण वापरावे, असे सुचविले. त्याने आंबविण्याचा काळ पुष्कळ कमी झाला, तरी कुरण आणि ऊन यांची गरज काही सुटली नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात सूत कातण्याची यंत्रे निघाली आणि कापडाचे ढीग पडू लागले. यंत्र दिवसात जेवढे सूत काती, त्याचे कापड पांढरे करण्यास मात्र उन्हाचे महिने लागत. धंद्याची गाडी परिटाच्या कुरणावर येऊन अडली, असे म्हणावयास हरकत नाही.

या अडचणीवरचा उपाय एका औषधविक्रेत्याच्या प्रयोगातून निघाला. स्वीडनमधील कार्ल शेले याने १७७४ मध्ये मँगनीजचे काळे खनिज आणि मिठापासून केलेले आम्ल एकत्र तापविले. त्यातून हिरवट-पिवळ्या रंगाचा, घसा जाळणारा एक वायू बाहेर पडला. हे काळे खनिज म्हणजे परदेशातीलच काही दुर्मीळ वस्तू होय, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गची खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. शेलेला दिसून आले, की या वायूत धरलेली फुले आणि हिरवी पाने रंगहीन होतात. पुढे १८१० मध्ये हम्फ्रे डेव्ही याने हा वायू एक मूलद्रव्य असल्याचे सांगून त्याच्या रंगावरून त्यास क्लोरीन हे नाव दिले.

फुलाचा रंग जातो, तर कापडाचा का जाऊ नये? हा विचार फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांस १७८५ मध्ये सुचला आणि त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने कापड शुभ्र करून दाखविले. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. जो विचारील त्यास तो मोकळेपणाने सांगितला. वाफेच्या यंत्राच्या सुधारणेसाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅटने ही कृती पॅरिसमध्ये पाहिली आणि ग्लासगो येथे आपल्या सासऱ्याच्या ब्लीचिंगच्या धंद्यात तिचा प्रयोग करविला. महिन्यांचे काम काही तासांवर आले.

तथापि या सोयीची किंमत कामगारांस मोजावी लागत होती. नुसत्या पाण्यात विरघळलेला क्लोरीन स्थिर राहत नाही. तो पुन्हा हवेत निसटतो. कामगारांस खोकला येई, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागत, श्वास कोंडे. द्रावण जरा तीव्र झाले, की कापड विरून जाई. ते साठविता येत नसे आणि दूर नेताही येत नसे. थोडक्यात, हाती वाघ लागला होता, परंतु त्यास बांधावयाची दोरी नव्हती.

ती दोरी म्हणजे आपला जुना सोबती, खार. पॅरिसनजीकच्या जाव्हेल नावाच्या गावातील कारखान्यात १७८९ च्या सुमारास क्लोरीन वायू पोटॅशच्या, म्हणजे राखेतील खाराच्या द्रावणात सोडण्यात आला. वायू खाराच्या पाण्यात भराभर शोषला गेला, गुदमरविणारा वास पुष्कळ कमी झाला आणि शुभ्र करण्याची शक्ती मात्र द्रावणात टिकून राहिली. ‘जाव्हेलचे पाणी’ या नावाने ते विकले जाऊ लागले आणि फ्रान्समध्ये ते नाव अद्यापि प्रचारात आहे.

या क्रियेत नेमके काय घडते, हे आता समजावून घेऊ. माझ्या शाळेतील मुलांस मी ते एका घराच्या वाटणीची उपमा देऊन सांगत असे. क्लोरीनच्या प्रत्येक रेणूत दोन अणू जोडीने नांदतात. थंड आणि पातळ खाराच्या द्रावणात ही जोडी शिरली, की दोन भाऊ विभक्त होतात. एक भाऊ सोडियमशी संसार करून साधे मीठ बनतो आणि शांत होतो. दुसरा भाऊ प्राणवायूचा एक अणू कवटाळून सोडियमसह हायपोक्लोराइट नावाचा क्षार बनतो. हा दुसरा भाऊच पुढे सारा पराक्रम करतो. ज्या रंगद्रव्याशी किंवा जंतूशी त्याची गाठ पडेल, त्यावर तो प्राणवायूचा प्रहार करतो आणि स्वतः अखेर मीठच होऊन राहतो. वजनाच्या हिशेबाने पाहिले, तर ७१ ग्रॅम क्लोरीन ८० ग्रॅम कॉस्टिक सोड्याशी संयोग पावतो आणि त्यापासून ५८.५ ग्रॅम मीठ, ७४.५ ग्रॅम सोडियम हायपोक्लोराइट आणि १८ ग्रॅम पाणी तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज १५१ ग्रॅम भरते. सृष्टीच्या जमाखर्चात एका मासाचीही चूक होत नाही, हे मुलांच्या नजरेस आणून देण्यासारखे आहे.

येथे एक अट मात्र ध्यानात ठेवावयाची आहे. द्रावण थंड असले पाहिजे. तेच तीव्र आणि गरम असेल, तर वाटणी निराळी होते. सहा अणूंपैकी पाच मिठात जातात आणि एक अणू प्राणवायूचे तीन अणू घेऊन क्लोरेट बनतो. या क्लोरेटला कपडे शुभ्र करण्याचा गुण नाही. तो आगकाडीच्या गुलात आणि फटाक्यांत शोभतो. बर्थोले यांनीच क्लोरेटही शोधून काढला होता आणि बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी तो वापरावा, असा त्यांचा विचार होता. ऑक्टोबर १७८८ मध्ये एसोन येथे त्याची परीक्षा चालू असता भयंकर स्फोट झाला आणि दोघांचे प्राण गेले. एकच वायू, एकच खार. परंतु थंडपणात केलेले काम घराला उजळा देते आणि तापलेल्या भांड्यात केलेले काम घर जाळू शकते. कृतीत तापमानाला किती महत्त्व असते, याचे याहून चांगले उदाहरण मला आढळलेले नाही.

खाराने वाघ बांधला गेला, पण पोटॅश महाग होते आणि द्रावणाची पिंपे वाहून नेणे गैरसोयीचे होते. हा प्रश्न स्कॉटलंडमधील चार्ल्स टेनंट याने सोडविला. हा गृहस्थ मूळचा विणकर. माग सोडून त्याने कापड पांढरे करण्याचे कुरण घेतले आणि त्या धंद्यात वावरत असता त्याच्या लक्षात आले, की महागड्या पोटॅशचे काम स्वस्त चुना करू शकेल. १७९८ मध्ये त्याने चुन्याच्या पाण्यात क्लोरीन सोडण्याचे पेटंट घेतले. ही रीत आम्ही पूर्वीपासून वापरत होतो, असा दावा लँकेशायरच्या धंदेवाल्यांनी केला आणि १८०२ मध्ये न्यायालयात ते पेटंट रद्द झाले. परंतु तोपर्यंत त्याच्या हाती दुसरी मोठी गोष्ट आली होती. १७९९ मध्ये विझवलेल्या कोरड्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून त्याची पांढरी भुकटी करण्याची कृती पेटंटबद्ध झाली. या कृतीचे श्रेय बहुधा त्याचा भागीदार चार्ल्स मॅकिंटॉश यास देतात. हीच आपली ब्लीचिंग पावडर. आपल्या खेड्यापाड्यांत तिला टी.सी.एल. पावडर म्हणून ओळखतात. पहिल्या वर्षी ग्लासगोच्या कारखान्यात ती ५२ टन तयार झाली आणि टनाला १४० पौंड दराने विकली गेली. पुढे उत्पादन वाढून भाव उतरत गेला. विषारी वायू आता पिंपात बंद होऊन आगबोटीतून जगभर जाऊ लागला.

आपल्या मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. त्यापाठोपाठ गिरण्यांची रांग उभी राहिली. कोऱ्या कापडाला ब्लीचिंग खात्यात शुभ्रता मिळू लागल्यावर ऊन आणि नदीकाठ यांची ती जुनी मिरास संपली. शहरांतील धोबीघाटांवर, जसे महालक्ष्मीच्या प्रसिद्ध घाटावर, परिटाच्या हौदात सोड्याच्या जोडीला ही भुकटी आली. पूर्वी जे ज्ञान हाताच्या अंदाजात होते, ते आता मापात आले. अंदाज चुकला, की कपडा हाताला येत असे, म्हणून जाणते कारागीर भुकटीचे पाणी निवळून घेत, कपडा थोडाच वेळ बुडवीत आणि नंतर स्वच्छ पाण्यातून पुनःपुन्हा काढीत. शेवटी नीळ आणि खळ. मराठी भाषेत ‘परीटघडी’ हा शब्द निर्मळ आणि सुबक अशा अर्थाने रुजला, तो अशाच हातांच्या कर्तृत्वाने.

येथपर्यंत ही कथा कपड्यांची झाली. यापुढे ती माणसांच्या प्राणांची होते.

पॅरिसमधील लाबाराक नावाच्या औषधविक्रेत्याने १८२० नंतरच्या वर्षांत एक निराळा उपयोग शोधला. जनावरांच्या आतड्यांपासून तात बनविणाऱ्या कारखान्यांतील असह्य दुर्गंधी त्याने ब्लीचिंग पावडर आणि हायपोक्लोराइटचे द्रावण शिंपडून नाहीशी केली. त्यानंतर शवागारे, गटारे आणि इस्पितळे येथे हे द्रावण वापरले जाऊ लागले. त्या काळी जंतूंची कल्पना कोणास नव्हती. दुर्गंधी जाते, म्हणजे घाण जाते, एवढेच लोक जाणत.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर बाळंतिणींच्या मृत्यूंनी व्यथित झाला होता. एप्रिल महिन्यात त्याच्या विभागात शंभरांत अठराहून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावल्या. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तसेच प्रसूतिगृहात जातात आणि त्यांच्या हातांबरोबर मृत्यूही आत जातो, हे त्याने ताडले. हातांचा वास साबणाने जात नाही, तो क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने जातो, म्हणून त्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणी बाळंतिणीस शिवू नये, असा दंडक त्याने मे महिन्याच्या मध्यास घातला. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा २.२ आणि जुलैमध्ये १.२ वर आले. कापड शुभ्र करणाऱ्या भुकटीने असंख्य लेकरांच्या आया वाचविल्या. मोठमोठ्या वैद्यांना मात्र आपले हात अस्वच्छ असतात, हे मान्य करणे जड गेले. १८६५ मध्ये सेमेलवाइस उपेक्षेतच निवर्तला. हात धुण्याचे महत्त्व पटविताना विद्वानांचाही विरोध होतो, मग आपल्या व्यवसायास लोकांनी हलके लेखले यात नवल ते काय?

पुढे कॉलऱ्याचे आणि विषमज्वराचे जंतू पाण्यातून पसरतात, हे सिद्ध झाले. १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टन गावी विषमज्वराची साथ आली असता नळांतून ब्लीचिंग पावडरीचे द्रावण सोडून ते निर्जंतुक करण्यात आले. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात हीच पावडर नित्यनेमाने घालण्यास आरंभ झाला. तेथपासून शहराच्या पाण्यात क्लोरीन घालणे हा जगाचा परिपाठ बनला.

याच वायूचा दुष्ट उपयोगही माणसाने केला. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीनचा ढग सोडला. चारच दिवसांनी लढाईत उतरलेल्या लाहोर डिव्हिजनच्या हिंदी शिपायांसही या विषाला तोंड द्यावे लागले. त्या वेळी घाईने जे मुखपट्टे बनविण्यात आले, त्यांतील सुताचे बोळे धुण्याचा सोडा आणि हायपो यांच्या द्रावणात भिजविलेले असत. क्लोरीन आणि खार यांची गाठ पडली, की विष निवळते, हे परिटाच्या हौदातील ज्ञान तेथे सैनिकांच्या श्वासाचे रक्षण करीत होते. त्याच वर्षी डेकिन आणि कॅरेल या दोघांनी शेकडा अर्धा भाग हायपोक्लोराइट असलेले द्रावण जखमा धुण्यासाठी प्रचारात आणले आणि सडणाऱ्या जखमांच्या अनेक सैनिकांचे अवयव वाचले. एकाच रणभूमीवर मोकळा क्लोरीन मारीत होता आणि खाराने बांधलेला क्लोरीन तारीत होता.

आता आपल्या परिसराकडे वळू. मराठवाड्यात पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. बीडच्या दक्षिणेस सलाबतखानाने १५८२ च्या सुमारास बांधविलेली खजाना बावडी दुष्काळातही पाणी राखून असते, म्हणून तिचे नाव सर्वतोमुखी आहे. आमच्या पालीजवळ बिंदुसरा नदीवर १९५० च्या दशकात धरण झाले आणि त्या तलावाचे पाणी बीड शहराच्या तहानेस उपयोगी पडले. परंतु पाणी असणे आणि पाणी निर्मळ असणे, या दोन गोष्टी आहेत. पंढरीच्या वारीत एके काळी पटकीच्या साथीने वारकऱ्यांचे किती बळी घेतले, हे वृद्ध मंडळींनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असेल. विहिरीत आणि टाक्यांत टी.सी.एल. टाकण्याची शिस्त आल्यापासून ती दहशत ओसरली. आज प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो आणि पाण्याच्या स्रोताची पाहणी होऊन गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते.

हे काम दुसऱ्यावर सोडून न देता प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे, म्हणून त्याचा हिशेब येथे देतो. एक हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर लागते. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर असेल, तर व्यासाचा वर्ग १६, त्यास ३.१४ ने गुणून ४ ने भागावे आणि खोलीने गुणावे, ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर पाणी झाले. त्यास सुमारे १५७ ग्रॅम पावडर हवी. ती दोन बादल्यांत विभागून प्रथम थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली पाऊणभर भरून दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत काढून घ्यावे आणि दोराने विहिरीत सोडून ढवळावे. खालचा चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नये. त्यानंतर एक तास पाणी काढू नये. तासाभराने तपासणीत क्लोरीनचा अंश आढळला, तर काम पुरे झाले. सुज्ञांच्या ध्यानात आलेच असेल, की पावडर निवळून घेण्याची ही रीत म्हणजे जाणत्या परिटाचीच रीत होय.

खारात बांधलेला क्लोरीन पाण्यात पडल्यावर पुन्हा कसा जागा होतो, असा प्रश्न कोणी विचारील. तीव्र खारात हायपोक्लोराइट स्वस्थ असतो. विहिरीच्या पुष्कळ पाण्यात खार पातळ होतो आणि मग हायपोक्लोरस आम्ल सुटते. जंतूंचा संहार तेच करते. पाणी फार खारट-अल्कधर्मी असले, तर हे आम्ल कमी सुटते आणि औषधाचा प्रभावही कमी पडतो. आता याच ज्ञानाची उलटी बाजू प्राणघातक आहे. खाराने बांधलेल्या या वाघावर तीव्र आम्ल ओतले, तर दोरी तत्काळ तुटते आणि क्लोरीन वायू मोकळा होतो. शौचालय साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंगचे पाणी काही घरांत एकाच वेळी वापरले जाते. बंद न्हाणीघरात हा प्रकार जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या द्रवाशीही त्याची भेसळ करू नये, कारण त्यापासूनही विषारी वायू निघतात. आपल्यातील अनेक कुटुंबे लाँड्री चालवितात आणि अनेक भगिनी घरकामास जातात. त्यांनी ही सूचना केवळ वाचून न सोडता शेजारणीस सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी चार गोष्टी व्यवहाराच्या आहेत. ब्लीचिंगचे द्रावण कधीही उकळत्या पाण्यात करू नये. उष्णतेने त्याचे बळ वाया जाते, हे वर सांगितलेच आहे. पावडरीचे पोते दमट जागी किंवा उघडे ठेवू नये. ताज्या पावडरीत शेकडा ३३ च्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो, तो उघड्यावर हळूहळू उडून जातो आणि शेवटी नुसता चुना उरतो. अशी मेलेली पावडर विहिरीत टाकणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. रेशीम आणि लोकर यांस हे द्रावण मुळीच दाखवू नये. पैठणीसारखे वस्त्र त्यात बुडविले, तर तंतूच विरघळू लागतो. शेवटी, हे काम करताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि हातांत रबरी मोजे असावेत. आपल्या वडिलांच्या पिढीतील हातांना ज्या भेगा पडल्या, त्या मुलांच्या हातांना पडू नयेत.

एक शेवटची आश्चर्याची गोष्ट सांगून आवरते घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा ही दोन्ही द्रव्ये एकाच वेळी काढण्याची रीत कारखान्यांत आली. १८९२ मध्ये कास्टनर याने त्यासाठी पाऱ्याचे पात्र योजले होते. आज पाऱ्याऐवजी निर्धोक पडद्याची पात्रे वापरतात. म्हणजे क्लोरीन आणि खार ही एकाच मिठाच्या पोटची भावंडे आहेत. विजेने ती विभक्त होतात, पुन्हा भेटली की हायपोक्लोराइट बनतात, वस्त्राचा डाग आणि पाण्यातील जंतू नाहीसे करतात आणि काम आटोपल्यावर पुन्हा मीठ होऊन पाण्यात मिसळून जातात. मिठापासून निघून सेवा करून मिठातच विलीन होणारे असे निरहंकारी द्रव्य दुसरे क्वचितच असेल.

आपल्या समाजात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या आणि २० डिसेंबर १९५६ रोजी निजधामास गेलेल्या संत गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून मने झाडावीत, हा त्यांचा क्रम होता. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा शुद्ध पिण्याचे पाणी हाही त्यातील एक विषय होता. परिटाघरी जन्मलेल्या संताच्या नावाने गावे स्वच्छ व्हावीत आणि कपडे शुभ्र करण्यासाठी निघालेल्या भुकटीने त्याच गावांच्या विहिरी शुद्ध व्हाव्यात, हा योग अर्थपूर्ण आहे.

म्हणून समाजातील तरुणांस एवढेच सांगणे आहे की, वाडवडिलांच्या व्यवसायाची लाज बाळगू नका. तो पुढे चालवा अथवा न चालवा, परंतु त्यातील शास्त्र शिका. शाळेच्या पुस्तकात क्लोरीन आणि अल्कलीचे समीकरण आले, तर ते नुसते पाठ न करता हे आपल्या घरचे समीकरण आहे, असे मानून समजून घ्या. आपल्या मुलामुलींतून उद्या कोणी रसायनशास्त्रज्ञ होईल, कोणी गावाचा जलसुरक्षक होईल, कोणी आधुनिक लाँड्री काढील. तिघांच्याही हाती एकच विद्या असेल आणि तिचे मूळ नदीकाठच्या भट्टीत आहे, याचे स्मरण त्यांनी ठेवावे. इति शुभम्‌.

— एक सेवानिवृत्त शिक्षक, पाली (जि. बीड)